लिफ्टच्या आधी वजनकाटा

मारुती सुझुकीची छोटी फोर-बाय-फोर, पाच दारांची जिम्नी, घरी आली की महिन्याभरात मालकाच्या डोक्यात लिफ्टचा, म्हणजे स्प्रिंगा बदलून गाडी चाकांपासून आणखी उंच उचलून घेण्याचा, किडा वळवळू लागतो. संध्याकाळी पार्किंगमध्ये उभं राहून चाक आणि मडगार्ड यांच्यामधली पोकळी तो नजरेनं मोजतो, रात्री उशिरापर्यंत किटच्या किमती बघतो आणि भेटेल त्या गाडीवेड्याला एकच विचारतो: दोन इंच टाकू की तीन? मलाही लोक हे विचारतात आणि मी ह्या विषयावर आनंदानं तासभर बोलतो. फक्त आधी मी उलट प्रश्न करतो. गाडीचं वजन किती? कंपनीच्या कागदावरचं नको, तुम्ही ज्या अवस्थेत ती डोंगरात नेता त्या अवस्थेतलं सांगा. बहुतेकांनी ते कधी मोजलेलं नसतं. मग इंच बाजूला ठेवून आम्ही किलोंवर येतो.

ह्या गाडीचं सगळं बळ तिच्या हलकेपणात आहे. सुझुकीनं १९७० साली जपानात एलजे १० आणली तेव्हा तिच्या नाकात जेमतेम ३५९ सीसीचं इंजिन होतं. आपल्याकडे १९८५ च्या डिसेंबरात जिप्सी आली, तीही ९७० सीसीची. ताकद म्हणावी अशी दोघींत नव्हती, पण अंगावर मांस नसल्यामुळे त्या जिथे चढत तिथे जाडजूड जीपगाड्या घाम गाळत. आजची जिम्नी दीड लिटरची, १०५ पीएस ताकदीची, आणि वजन बाराशे किलोच्या आसपास. ओल्या शेतात जड गाडी स्वतःच्या भारानं खाली जाते, तिथून ही वरच्या वर निघून येते. टायरमधली हवा पंधरा-अठरा पीएसआयवर आणली की मग विचारायलाच नको. हा हलकेपणा फुकट मिळालेला आहे, आणि लिफ्टच्या नादात पहिला बळी त्याचाच जातो. उंच गाडीला लोखंडी बंपर शोभतो, बंपरवर रुतलेली गाडी ओढून काढणारी विंच शोभते, टपावर कॅरियर शोभतो, कॅरियरवर जेरीकॅन शोभतात. सगळं अंगावर चढवून झालं की खाली बसलेली गाडी पुन्हा उचलायला आणखी मोठी लिफ्ट लागते.

लिफ्टनं नेमकं काय उचललं जातं ते एकदा गाडीखाली झोपून बघावं. जिम्नीचे पुढचे-मागचे दोन्ही ॲक्सल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारे आस, अखंड नळीचे. त्या नळीवर डिफरन्शियलचा, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांचा, गोळा, नळी टायरच्या आधारानं उभी, आणि स्प्रिंग नळीच्या वर. म्हणजे लांब स्प्रिंग टाकली की चॅसी, बॉडी, बंपर, पेट्रोलची टाकी, गिअरबॉक्स एवढं सगळं वर जातं, पण डिफरन्शियलचा गोळा आहे तिथेच राहतो. कागदावर लिहिलेली २१० मिमीची जागा त्या गोळ्याखालचीच. दोन इंचांची लिफ्ट बसवली तरी तिथे २१० च.

आपल्या भागात ह्याला फार महत्त्व आहे. वेल्ह्याकडे, मावळात, राधानगरी-भुदरगडच्या अंगाला पावसाळ्यात जे कच्चे रस्ते असतात ते ट्रॅक्टरनं पाडलेले. मोठ्या चाकांच्या खोल चाकोऱ्या आणि मध्ये लाल मातीचा उभा वरंबा. जिम्नी त्या चाकोरीत उतरली की आधी घासतो तो गोळा. वरंबा ओला असला तर गोळा त्याच्यातून नांगर ओढत जातो, आणि वाळून जांभ्यासारखा टणक झाला असला तर गाडी त्याच्यावर बसते, चाकं मोकळी फिरतात. इथे लिफ्टचा काडीचाही उपयोग नाही. उपयोग आहे तो चाकोरी सोडून एक चाक वरंब्यावर आणि एक कडेवर ठेवून चालवण्याच्या सवयीचा, आणि थोडाफार टायरचा.

थोडाफार म्हणजे किती? कंपनीचा टायर १९५/८० आर १५, त्याचा व्यास ६९३ मिमी. २१५/७५ घातला तर व्यास ७०४ च्या आसपास जातो, आणि गोळ्याखाली निम्मा फरक पडतो, पाच मिमीचा. २३५/७५ घातला तर ७३४, म्हणजे वीस मिमीची बढती. पण त्या मापाला चाक वळवताना आत घासण्याचं दुखणं सुरू होतं, स्पीडोमीटर सुमारे सहा टक्के कमी दाखवू लागतो आणि गाडीचे सगळे गिअर तेवढेच लांब होतात. १०५ पीएसच्या गाडीला घाटात ते जाणवतं. ज्यांना मोठ्या टायरची हौस आहे त्यांना मी नावं ठेवत नाही, मलाही भरगच्च टायर बघायला आवडतो. पण २१५ च्या पुढे जाण्याइतकं कारण मला अजून सापडलेलं नाही.

मग लिफ्ट हवी कशाला? पोट घासतं त्याला. भातखाचराचा बांध, रस्त्यावर आडवा काढलेला पाण्याचा चर, सड्यावरून खाली उतरताना अचानक तुटणारी जांभ्याची पायरी. पुढची चाकं पलीकडे उतरलेली, मागची अजून अलीकडे, आणि मधलं पोट काठावर टेकलेलं. पाच दारांची जिम्नी ह्या ठिकाणी कमी पडते, कारण तिच्या दोन ॲक्सलमधलं अंतर २५९० मिमी आहे. परदेशात विकल्या जाणाऱ्या तीन दारांच्या बहिणीचं २२५०. वाढलेल्या ३४० मिमीनं मागे माणसांना बसायला जागा दिली आणि पोटाचा कोन, म्हणजे पोट न टेकता गाडी जेवढा टोकदार उंचवटा ओलांडू शकते त्याचं माप, २८ अंशांवरून २४ वर आणला.

मी कागदावर त्रिकोण काढून हिशोब केला. पोट ४० मिमीनं उचललं तर हा कोन साडेसत्तावीसच्या आसपास जातो, ५० मिमीनं अठ्ठावीस ओलांडतो, तीन इंचांनी साडेतीस. म्हणजे चाळीस-पन्नास मिमीच्या लिफ्टनं पाच-दारीला तीन-दारीचं पोट मिळतं. तीन-दारी जगभर डोंगर तुडवत फिरते, तिच्या पोटाबद्दल कुणाची तक्रार नाही. तिसऱ्या इंचानं मिळतात दोन अंश, आणि त्याची किंमत भलतीकडे मोजावी लागते. माझ्या मते ह्या गाडीच्या उंचीचा निकाल इथेच लागतो. राहतो प्रश्न स्प्रिंगचा, आणि खरी निवड तिथेच आहे.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एक मिस्त्री आहेत. सगळे त्यांना मामा म्हणतात. माझ्या मित्रानं त्यांच्यापुढे जिम्नी उभी केली आणि म्हणाला, “मामा, दोन इंच उचलायची आहे.” मामांनी गाडीला वळसा घातला, मागच्या चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावला, मग पुढच्या चाकाला लावला. डिकी उघडून आत वाकले. आत लोखंडी टूलबॉक्स, गाडी ओढताना लावायच्या दोन शॅकल कड्या, साखळी, हाय-लिफ्ट जॅक, पाण्याचे दोन कॅन.

“उंचीचं मागनं बघू,” मामा म्हणाले. “ह्यातलं रोज काय लागतंय ते सांगा आधी. स्प्रिंग वजनाची असत्या, उंचीची न्हवं.”

मग गाडी वजनकाट्यावर नेली. साखर कारखान्याच्या वाटेवर असे काटे जागोजाग आहेत, आणि हंगाम नसेल तर मोकळेच असतात. पद्धत सोपी. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्यायची, मग अख्खी गाडी, मग पुढची चाकं उतरवून नुसती मागची. तीन आकडे येतात, पुढचं आणि मागचं वजन वेगळं कळतं. पावतीवरचा आकडा दहा-दहा किलोंच्या पटीत असला तरी ह्या कामाला तेवढा पुरतो. गाडीत आपण स्वतः बसायचं, सोबत नेहमी येणाऱ्यांना बसवायचं, टाकी भरलेली ठेवायची.

आकडा बघून मित्र गप्प झाला. जिम्नीचं कागदावरचं कमाल एकूण वजन १५४५ किलो आहे. रिकामी गाडी बाराशेची, म्हणजे माणसं आणि सामान मिळून हाती राहतात साधारण साडेतीनशे किलो. चार मोठी माणसं बसली की २८० गेले. उरलेल्या साठ-सत्तर किलोंत बंपर, विंच, कॅरियर, अवजारं, पाणी आणि तंबू मावत नाहीत, कसेही रचले तरी. मित्राची गाडी मर्यादा ओलांडून बरीच पुढे गेली होती, आणि जास्तीचा भार बहुतेक मागच्या ॲक्सलवर होता. गाडी खुजी वाटत होती, कारण तिचा मागचा भाग बसला होता.

स्प्रिंगचं गणित इथे उपयोगी पडतं. समजा, मागची एक स्प्रिंग दर मिलिमीटर दाबायला वीस न्यूटन, म्हणजे दोन किलोंच्या आसपास भार लागतो. मागच्या ॲक्सलवर शंभर किलो टाकले की प्रत्येक स्प्रिंगवर पन्नास आले, आणि गाडी पंचवीस मिमीनं, म्हणजे पूर्ण एक इंचानं खाली गेली. दोन इंचांची लिफ्ट घेऊन शंभर किलो लादले तर अर्धी लिफ्ट तिथेच संपली. उलट तेच शंभर किलो घरी ठेवले तर एक रुपयाही न घालता इंचभर उंची परत मिळाली. मामांनी मित्राला टूलबॉक्स, जॅक आणि टपावरचा कॅरियर काढून आठ दिवस गाडी चालवायला सांगितली.

किट विकणारे स्प्रिंगा हलक्या, मध्यम आणि जड भारासाठी वेगवेगळ्या देतात. उंची सगळ्यांवर सारखी लिहिलेली असते, ती धरायची त्या त्या भाराला. जड भाराची स्प्रिंग रिकाम्या गाडीला लावली तर गाडी सांगितल्यापेक्षा उंच उभी राहते आणि दगडाला दगडासारखी लागते. खडीच्या चढावर मागचं चाक जमीन सोडून उडतं, पकड जाते, आणि कंबरेचं जे होतं ते वेगळंच. आणि आपल्यापैकी बहुतेकांची गाडी आठवड्याचे पाच दिवस एकट्या माणसाला घेऊन ऑफिसला जाते. वर्षातून एकदा लडाखला जायचं म्हणून वर्षभर जड स्प्रिंगवर फिरण्यात मला काही शहाणपण दिसत नाही. शिवाय जड स्प्रिंगनं गाडीची वजन वाहण्याची मर्यादा वाढत नाही. ब्रेक तेच, ॲक्सल तेच, बेअरिंग तेच. १५४५ चा आकडा स्प्रिंग बदलली म्हणून हलत नाही.

स्पेसरबद्दल चार शब्द, कारण स्वस्त म्हणून तोच आधी गळ्यात मारला जातो. जुन्या स्प्रिंगखाली तीस मिमीची चकती बसवली, गाडी वर आली, पैसे वाचले. पण शॉकॲब्सॉर्बर तोच राहिला, त्याची पूर्ण ताणलेली लांबीही तीच. गाडी तीस मिमीनं वर उभी राहिली म्हणजे शॉक आधीच तेवढा ताणून ठेवला, आणि खड्ड्यात चाक खाली सोडायला तेवढी कमी जागा उरली. ऑफ-रोड गाडीची खरी कमाई चाक जमिनीला चिकटून राहण्यात असते. स्पेसरवाल्या गाडीचं चाक लवकर हवेत जातं. फोटोत ते झकास दिसतं, चढावर मात्र हवेतलं चाक फिरत बसतं आणि त्याला ब्रेक लावून दुसऱ्याकडे ताकद पाठवण्याचं काम इलेक्ट्रॉनिक्सवर येतं. लांब स्प्रिंग घ्यायची तर तिच्या जोडीचा लांब शॉक घ्यायचाच, आणि तो पूर्ण दाबला जाण्याआधी बंप स्टॉप, म्हणजे ॲक्सलला वर येताना अडवणारा रबरी ठोकळा, टेकतो का हे तपासायचं. नाहीतर पहिल्याच मोठ्या खड्ड्यात शॉक आतून फुटतो.

आता ज्या गोष्टी किटच्या फोटोत दिसत नाहीत त्या. जिम्नीचा प्रत्येक ॲक्सल तीन दुव्यांनी धरलेला आहे: दोन लांब हात, आणि चॅसीच्या एका बाजूपासून ॲक्सलच्या दुसऱ्या बाजूला जाणारा एक आडवा दांडा, पॅनहार्ड रॉड. दांड्याची लांबी ठरलेली. गाडी वर गेली की दांडा अधिक तिरका होतो आणि ॲक्सलला एका बाजूला ओढून घेतो. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर गवंड्याचा ओळंबा घ्यावा. सपाट जागी गाडी उभी करून दोन्ही बाजूंना मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडायचा आणि दोरीपासून टायरच्या भिंतीपर्यंतचं अंतर पट्टीनं मोजायचं. उजवीकडे आणि डावीकडे वेगळं आलं तर ॲक्सल सरकलाय. उपाय म्हणजे लांबी कमी-जास्त करता येणारा रॉड. तो किटमध्ये बहुधा नसतो, वेगळा घ्यावा लागतो.

दुसरी गोष्ट कॅस्टरची. सायकलचा पुढचा चिमटा जसा मागे कललेला असतो तसाच गाडीच्या पुढच्या चाकाचा वळण्याचा आस किंचित मागे कललेला असतो, आणि म्हणूनच वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येतं. जिम्नी वर उचलली की पुढचे दोन हात खाली झुकतात, त्यांच्यासोबत ॲक्सलची नळी फिरते आणि हा कल दोन-तीन अंशांनी कमी होतो. गल्लीत काही कळत नाही. कळतं ते पुणे-बेंगळुरू महामार्गावर, शेजारून ट्रक गेला की. गाडी लेन धरत नाही, स्टिअरिंग सतत सावरत राहावं लागतं. ह्यावर मध्यापासून सरकलेल्या छिद्राचे कॅस्टर बुश, म्हणजे सांध्यात बसणारे नळकांडे, मिळतात, ते पुढच्या हातात बसवायचे. ४० मिमीच्या लिफ्टलासुद्धा मी ते घ्यायला सांगेन. ब्रेकचे होज आणि एबीएसच्या वायरी चाक पूर्ण खाली लोंबकळल्यावर ताणल्या जात नाहीत ना, हे गाडी जॅकवर घेऊन हातानं चाचपायचं. ॲक्सलकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोनही वाढतो, त्याच्या टोकांचे सांधे, म्हणजे क्रॉस, लवकर झिजतात. तिसरा इंच महाग पडतो म्हणालो तो ह्या सगळ्यामुळे.

जिप्सीवाल्यांचं जग वेगळं. तिला शेवटपर्यंत चारही बाजूंना कमान पाटेच राहिले. २०१८ च्या अखेरीस सर्वसामान्य ग्राहकांसाठी तिचं बुकिंग बंद झालं तोवर तिच्या जपानी भावंडांना कॉइल स्प्रिंग लागून दोन दशकं उलटली होती. पाट्यांच्या गाडीत लांब शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चॅसीला जोडणारी पट्टी, लावून इंचभर उंची मिळवायची तर शॅकल दोन इंचांनी लांब लागते, कारण पाट्याचं एकच टोक उचललं जातं. पाटे ॲक्सलखालून काढून वर बसवले तर एकदम पाचेक इंच मिळतात, पण तो वेगळाच उद्योग आहे आणि नवख्यानं त्यात पडू नये. मला जिप्सीत सगळ्यात जास्त आवडतो तो ताडोबाच्या सफारीवाल्यांचा विचार. सहा पर्यटक, गाइड आणि चालक घेऊन ती गाडी पहाटेपासून धुळीत फिरते. चंद्रपूरच्या एका गॅरेजात मी मागच्या पाट्यांत एक पाटा वाढवताना बघितला. चालकाला गाडी किती उंच झाली ह्याच्याशी कर्तव्यच नव्हतं. त्यानं मिस्त्रीला एवढंच सांगितलं की आठ माणसं बसल्यावर मागचा भाग खाली जायला नको आणि रिकामी आणताना ती उडायला नको.

कायद्याचं बोलणं टाळून चालणार नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीतला तपशील उत्पादकानं मूळ दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल मालकानं गाडीत करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे कलम कडकपणे वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२-अ मध्ये बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. दंड भरून माणूस मोकळा होईल, पण अपघातानंतर विमा कंपनीनं गाडी उचलली आहे म्हणून हात वर केले तर समोरच्या जखमी माणसाचं काय, हा विचार मला दंडापेक्षा जास्त टोचतो. म्हणून किट मागवण्याआधी आपल्या आरटीओत आणि विमा कंपनीत लेखी विचारावं, आणि उत्तर लेखीच घ्यावं. उत्तर नकाराचं आलं तर तिथेच थांबावं.

हे सगळं जुळून आलं तर माझी निवड अशी: ४० मिमी, हलक्या भाराची स्प्रिंग, तिच्या जोडीचा शॉक, कॅस्टर बुश, पुढे-मागे लांबी बदलता येणारे पॅनहार्ड रॉड, आणि २१५/७५ चे टायर. बंपर कंपनीचाच. टपावर काही नाही. पाण्याचा कॅन आणि अवजारं मागच्या सीटच्या पाठीला लागून, जितकी खाली तितकी बरी. लिफ्टनं बॉडी वर गेली म्हणजे गाडीचा तोलही वर गेला, आणि आडव्या उतारावर टपावरचे तीस किलो डिकीतल्या तीस किलोंपेक्षा कितीतरी जास्त वाईट. साधारण १.४ मीटर रुंदीवर चाकं ठेवून उभी असणारी ही गाडी आहे, तिच्याकडे तोलाची उधळपट्टी करायला शिल्लक नाही.

मित्राचं पुढे काय झालं हेही सांगतो. आठ दिवसांनी तो मामांकडे परत गेला तेव्हा मागचा टेपचा आकडा वर आला होता आणि गाडी पुढून-मागून सारखी दिसत होती. तरी दाजीपूरकडच्या एका बांधावर पोट टेकतं, ही त्याची तक्रार खरी होती. आता ती तक्रार मापात बसणारी होती. विमा कंपनीला आणि आरटीओला त्यानं पत्रं लिहिली आहेत, उत्तरांची वाट बघतोय. मामांनी तोवर किट मागवायला मनाई केली आहे, आणि त्यांचा मान राखून तो थांबला आहे.

बसवताना एक गोष्ट मिस्त्रीच्या शेजारी उभं राहून करून घ्यायची. रबरी बुश असलेले बोल्ट गाडी जॅकवर लोंबकळत असताना शेवटचे आवळायचे नाहीत. नुसते हातघट्ट ठेवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, पुढे-मागे थोडी ढकलून स्प्रिंगांना त्यांच्या जागी बसू द्यायचं आणि मग खाली शिरून टॉर्क रेंचनं आवळायचे. नाहीतर बुश कायम पिळलेल्या अवस्थेत राहतो आणि लवकर फाटतो. त्यानंतर अलाइनमेंट, हेडलाइट खाली घेणं, आणि चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतचं अंतर वहीत लिहून ठेवणं. हजार किलोमीटर झाले की नव्या स्प्रिंगा थोड्या बसतात. तेव्हा पुन्हा टेप लावायचा, बोल्ट पुन्हा तपासायचे, आणि जमलं तर त्याच वाटेवर वजनकाट्याची नवी पावतीही घ्यायची.